तोइ तोइ तोइच्या रात्री राहून गेलेलं थँक्यू

प्रिय मावशी,

हे पत्र तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं काम, म्हणजे इथल्या ऑपेरात प्रयोगाला सगळ्यांना कपडे चढवायचं, असं आहे की ते कुणाला दिसलं तर काहीतरी चुकलं असं समजायचं, आणि मला वाटतं की निदान एकदा तरी ते चार लोकांना कळावं. दुसरं म्हणजे "तोस्का" या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाच्या, म्हणजे प्रीमियरच्या रात्री तुम्ही मला थँक्यू म्हणू दिलं नव्हतं. आठवतंय ना? मी "डांके"मधलं "डां" म्हणालो आणि तुम्ही सरळ माझ्या तोंडावर हात ठेवलात.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. जर्मनीत नाटकाच्या किंवा ऑपेराच्या प्रीमियरआधी सगळे एकमेकांना "तोइ तोइ तोइ" म्हणतात, डाव्या खांद्यावरून, थुंकल्यासारखं करून. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून थू थू करतात ना, अगदी तेच, मला तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीच आठवली. पण त्यावर डांके म्हणजे थँक्यू म्हणायचं नाही, म्हटलं की अपशकुन. स्टेजवर शिट्टी वाजवायची नाही हाही तसाच नियम. तर त्या रात्री नियम पाळला, मग परीक्षा आल्या, मग दुसरे प्रयोग आले, आणि आता "तोस्का" उतरली, तुम्हीही दोन महिन्यांत रिटायर होताय, आणि माझं थँक्यू राहूनच गेलंय.

मी सांगलीचा. म्हणजे जिथे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली "सीतास्वयंवर" केलं त्या गावचा, आमच्याकडे नाटकाचं कौतुक घराघरात, बाबांनी मला भावे नाट्यमंदिरात किती नाटकं दाखवली असतील. पण कायम पुढे खुर्चीत बसून. पडद्यामागे काय असतं ते मी पहिल्यांदा बघितलं ते इथे, सांगलीपासून हजारो किलोमीटरवर, मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला पैसे कमी पडायला लागले आणि युनिव्हर्सिटीच्या बोर्डावर कागद दिसला की ऑपेराला स्टाटिस्ट पाहिजेत. स्टाटिस्ट म्हणजे गर्दीतला माणूस. गायचं नाही, बोलायचं नाही, सांगतील तिथून सांगतील तिथे चालायचं.

कपड्यांच्या मापाला बोलावलं तेव्हा टेप गळ्यात, तोंडात टाचण्या, अशा तुम्ही. माझ्या फॉर्मवरचं आडनाव वाचलंत आणि टाचण्या काढून म्हणालात, "कुठला रे तू?" मराठीत! मी इतका गडबडलो की जर्मनमध्ये उत्तर दिलं. तुम्ही कोल्हापूरकडच्या, लग्न होऊन इकडे आलात, सासरी कंटाळा येतो म्हणून शिवणकामाच्या वर्कशॉपला कामाला लागलात आणि मग तीस वर्षं तिथेच, आधी शिवायला आणि मग प्रयोगाला कपडे चढवायला. त्या दिवशी तुम्ही मला सैनिकाचा कोट उलटा करून दाखवलात, आत कॉलरखाली कापडी पट्टी आणि त्यावर तीन नावं शिवलेली, आधीच्या तीन माणसांची. एकदा बसवलेला ऑपेरा इथे वर्षानुवर्षं चालतो, माणसं बदलतात, म्हणून कोट फेकत नाहीत, शिवणीत आत भरपूर कापड ठेवतात, कुणी जाड आला तर उसवायचं, बारीक आला तर दाबायचं. माझ्यासाठी तुम्ही दोन्ही बाजूंनी दाबलात आणि वर "जेवतोस की नाही" असं विचारलंत.

"तोस्का" काय आहे हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. पुचिनीचा ऑपेरा, पहिला प्रयोग रोममध्ये १४ जानेवारी १९०० ला, गोष्ट १८०० सालच्या जूनमधली, तीन अंक, तीन जागा, एक चर्च, एक राजवाडा आणि एक किल्ला, आणि तिन्ही जागा आजही रोममध्ये उभ्या आहेत. हे सगळं मी नंतर वाचलं. गोष्ट मात्र तुम्हीच सांगितलीत, इस्त्री करता करता, कोण कुणावर प्रेम करतं, पोलिसांचा मुख्य स्कार्पिया किती नीच आहे, शेवटी कोण कसं मरतं, गल्लीतली भानगड सांगावी तसं. त्यामुळे पुढे कधी मला ते परकं वाटलंच नाही.

तालमी आधी वेगळ्या हॉलमध्ये व्हायच्या, तिथे सेट नसतो, जमिनीवर रंगीत टेप लावून दाखवतात की इथे खांब, इथे पायऱ्या, इथे दार. पियानोवर एक माणूस अख्ख्या ऑर्केस्ट्राचं वाजवतो. मग मुख्य स्टेजवर पियानोबरोबर, मग ऑर्केस्ट्राबरोबर, मग रंगीत तालीम. माझं पहिलं मोठं काम पहिल्या अंकाच्या शेवटी, ते देउम, म्हणजे चर्चमधलं देवाचे आभार मानायचं लॅटिन स्तोत्र. चर्चमध्ये मिरवणूक निघते, पुढे स्कार्पिया उभा राहून मनातलं सगळं वाईट गातो आणि मागे अख्खं चर्च भरत जातं, कोरस, लहान मुलं, पाद्री, रक्षक, आणि लाल झग्यात मेणबत्ती घेतलेला मी. एवढी माणसं एकाच वेळी तीन बाजूंनी आत येतात, ऑर्गन वाजतो, तोफांचे आवाज येतात, आणि कोरस सुरुवातीला चक्क गात नाही, प्रार्थना पुटपुटतो. बाहेर ऐकणाऱ्याला ती नुसती कुजबुज वाटते, पण आत उभं राहिलं ना, अंगावर काटा येतो.

आणि मी तिथेच चुकत होतो. रोज. एक तर पुढच्याच्या झग्यावर पाय नाहीतर माझ्या पुढे ही एवढी जागा रिकामी. मला नोटेशन येत नाही, दिग्दर्शकाचा असिस्टंट आकडे मोजायला सांगायचा आणि माझे आकडे भलतीकडेच जायचे. त्या दिवशी मी कपडेपटात तोंड पाडून बसलो होतो, काढून टाकतील असंच वाटत होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आकडे सोड. त्यात दोन घंटा आहेत, एक वरची एक खालची, शेवटपर्यंत आलटून पालटून वाजतात. वारीत चालला आहेस ना कधी? टाळावर पाय पडतो तसा घंटेवर पाय टाक." बास. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून माझं पाऊल चुकलं नाही. खरंच त्या दोन घंटा आहेत, सगळ्या गदारोळाच्या खाली अखंड चालू, मला कुणी दाखवल्याच नव्हत्या. तुम्ही कुठल्या शाळेत हे शिकला नव्हतात, तीस वर्षं विंगेत हातात कपडे घेऊन उभ्या राहून ऐकलं होतंत.

विंगेतलं जग किती मोठं असतं हे प्रेक्षकांना कधी कळत नाही. जेवढं स्टेज समोरून दिसतं तेवढंच बाजूला आणि तेवढंच मागे, वर अंधारात पडदे आणि भिंती टांगलेला भलामोठा माळा. डाव्या बाजूला इन्स्पित्सिएंट, म्हणजे प्रयोग चालू असताना सगळ्यांना खुणा देणारा माणूस, बसलेला, समोर पुस्तक उघडं, त्यातल्या सुरांवर खुणा केलेल्या, त्यानं दिवा लावला की माणूस आत, त्यानं सांगितलं की पडदा. जिकडे तिकडे छोटे टीव्ही, त्यावर फक्त कंडक्टर, म्हणजे हातवारे करून ऑर्केस्ट्रा चालवणारा. दुसऱ्या अंकात नायिका तोस्का आणि कोरस सेटच्या मागे उभं राहून गातात, राजवाड्यात खाली कुठेतरी कार्यक्रम चाललाय असं दाखवायला, आणि सगळे त्या टीव्हीकडे डोळे लावून. मग पुढे स्कार्पिया वैतागून खिडकी लावतो आणि इकडे आवाज कापल्यासारखा बंद झाला पाहिजे. तेवढ्या वेळात तुम्ही त्या गाणाऱ्या बाईंच्या मागे गुडघ्यांवर बसून त्यांच्या गाऊनचा लांबलचक घोळ सरळ करत असायचात, त्या गातायत आणि तुमचा हात त्यांना जाणवतसुद्धा नाही. त्याच गाऊनमध्ये त्या पुढे स्कार्पियाला भोसकून त्याच्या दोन बाजूंना खऱ्या मेणबत्त्या ठेवतात, म्हणून त्या कापडाला आग धरू नये असं औषध मारलेलं, आणि विंगेत फायर ब्रिगेडचा माणूस उभा. इकडे थिएटरच्या आगीची फार भीती, १८८१ साली व्हिएन्नाचं रिंगथिएटर जळालं त्यात शेकडो माणसं गेली, आग लागली तर स्टेज आणि प्रेक्षकांच्या मध्ये सोडायच्या लोखंडी पडद्याचे कडक नियम त्यानंतर आले. हे मला त्या फायरवाल्यानं सांगितलं, पण मेणबत्ती पेटली की गाऊनच्या टोकावरची नजर तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त हलवायचा नाहीत.

आता त्या रात्रीबद्दल.

तिसरा अंक. किल्ल्याची गच्ची, पहाट व्हायची आहे, लांबून गुराख्याचं गाणं, मग रोममधल्या चर्चच्या घंटा एकेक करून. पुचिनी त्या घंटा ऐकायला स्वतः त्या किल्ल्यावर गेला होता पहाटे, आणि सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा सूर कुठला हे विचारून घेतलं होतं. मी फायरिंग स्क्वॉडमध्ये, म्हणजे तोस्काच्या प्रियकराला, त्या चित्रकाराला, गोळ्या घालणाऱ्या सैनिकांत. बंदुका मोजून हातात दिलेल्या, आम्ही ओळीत विंगेत उभे, आणि माझा छातीवरचा आडवा चामडी पट्टा बकलापाशी उसवून खाली लोंबला. त्या पट्ट्यालाच काडतुसांची पेटी. तसा आत गेलो असतो तर तिसऱ्या पावलाला पेटी स्टेजवर आपटली असती, ती पण कुठे, जिथे सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असतं. मी बंदूक शेजारच्याकडे दिली आणि मागे पळालो.

तुम्ही सिंकपाशी होतात, स्कार्पियाचं रक्ताचं जाकीट गार पाण्यात चोळत होतात कारण ते रक्त वाळलं की निघत नाही आणि दोन दिवसांनी पुन्हा प्रयोग. मी काही बोललोच नाही, नुसता पट्टा दाखवला. तुम्ही हात अ‍ॅप्रनला पुसले आणि म्हणालात "चल", म्हणजे तिथे थांबून शिवायचं नाही, विंगेत जाऊन शिवायचं, वेळ झाली तर मी जागेवर असलो पाहिजे. अ‍ॅप्रनला आधीच दोरा ओवलेल्या सुया टोचलेल्या होत्या, पांढरी, काळी, आणि एक जाड चामड्याची. निळा बारीक टॉर्च दातात. अंगुस्तान बोटात. मी घाबरून पुटपुटलो की अंगावरचं शिवू नये म्हणतात, तर तुम्ही दोऱ्याचा एक तुकडा माझ्या तोंडात दिलात, "हा धर, मग चालतं." तो दोरा मी फायरिंग होईपर्यंत तोंडात धरला होता हे तुम्हाला आज सांगतोय.

आणि नेमकं तेव्हाच तोस्का आणि तो चित्रकार शेवटचं एकत्र गायला लागले, जिथे सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो, नुसते दोन आवाज. माइक नाही काही नाही, नुसते गळे, आणि बाकी एवढी शांतता की विंगेत कुणी नाक ओढलं तरी ऐकू जाईल. तुम्ही हलला नाहीत. सुई चामड्यात अर्धी. ते संपून ऑर्केस्ट्रा परत आला तशी सुई पलीकडे काढलीत, आणखी दोन टाके, आणि कात्री न काढता दोरा दातानं तोडलात. मग घड्याळाचे चार टोले पडतात, तो आमचा क्यू, आत जायची खूण. पहिल्या टोल्याला तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. चौथ्याला मी ओळीत होतो.

पुढचं सगळं नीट झालं. बार झाले, चित्रकार पडला, आम्ही बाहेर आलो. मग आरडाओरडा, तोस्का तटावर चढली आणि पलीकडे उडी. पलीकडे म्हणजे जाड गाद्या आणि धरायला दोन माणसं, आणि मला हे माहीत नव्हतं पण तिथे तिसऱ्या तुम्ही. रक्ताचं जाकीट, माझा पट्टा आणि मग धावत तिकडे, कारण उडी मारून उठताना गाऊन अडकला तर त्यांना नमस्काराला वेळेत जाता येत नाही.

नमस्कार. इथे तो पण बसवलेला असतो, कुणी कुणाच्या नंतर, कुठून. आधी आम्ही स्टाटिस्ट एका ओळीत, मग कोरस, मग गायक, कंडक्टर, आणि प्रीमियरला शेवटी दिग्दर्शक आणि कॉस्च्युम डिझायनर. लोक उभे राहिले होते. मी त्या उजेडात उभा, छातीवर तुमचा पट्टा, आणि उजवीकडे विंगेत बघितलं तर तुम्ही हातात हँगर घेऊन उभ्या होतात, टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते. मी काय केलं होतं, तर चाललो होतो. मला तेव्हा खूप वाटलं की तुम्हाला हाताला धरून पुढे न्यावं. मी नेलं नाही, नेता आलंही नसतं. म्हणून आता हे लिहितोय.

प्रोग्रामच्या पुस्तकात तुमचं नाव नव्हतं, इथेही मी लिहीत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहितीये. पण तुम्ही माझं नाव लिहिलंत. शेवटच्या प्रयोगाच्या रात्री कोट परत करताना मी सहज कॉलर उलटून बघितली, तीन नावांच्या खाली चौथं होतं, लाल दोऱ्यानं, आणि बाकी तिन्ही जर्मन अक्षरांत असताना माझं देवनागरीत. फोटो काढायला नको होता पण काढला. आईला पाठवला. तिनं विचारलं की कुणी शिवलं, मी म्हटलं मावशीनं, ती म्हणाली कुठल्या मावशीनं, आणि मग एक तास फोन चालला.

त्या घंटांबद्दल, त्या टाक्यांबद्दल, डब्यातल्या थालीपिठाबद्दल, रात्री प्रयोग संपल्यावर शेवटची ट्राम चुकली तर घरी ये म्हणून दिलेल्या किल्लीबद्दल, सगळ्याबद्दल. आता प्रयोगच नाही, त्यामुळे कुणाला अपशकुन होणार नाही. थँक्यू मावशी.

दिवाळीत सांगलीला जातोय. भडंग आणतो, किती आणू ते कळवा. आणि चामड्याच्या त्या जाड सुया तिकडे कुठल्या नंबरच्या मागायच्या तेही लिहा.

तुमचा,
चौथ्या नावाचा