चालता संगणक कबाड्याला का द्यायचा?

महोदय,

जुन्या संगणकांवरचा कालचा लेख वाचला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षा-अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, इथवर सगळे बरोबर. पण पुढे लेखकमहाशय वाचकाला थेट जेल रोडवर नवीन मशीन घ्यायला धाडतात! विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या फुकट प्रणालीबद्दल एकच ओळ, तीही 'फुकटच्या वस्तूचा काय भरवसा' अशा थाटाची. त्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याचा गाभाही लिनक्सच आहे. स्वच्छतेची बक्षिसे मिरवणाऱ्या इंदुरात धडधाकट मशीन भंगारात काढायचा सल्ला, धन्य आहे.

सहाव्या-सातव्या पिढीच्या आय-५ वर लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती आरामात चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत, त्यासाठी कुणाला दमडीही द्यावी लागत नाही. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. मशीन रखडते ते बहुधा प्रोसेसरमुळे नाही, फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवली की फरक लगेच कळतो.

लोक अडतात ते ठरावीक ठिकाणी. मिंटची उतरवलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर मशीन त्यावरून सुरू होत नाही. ती रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमने लिहावी लागते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मग घाईने इन्स्टॉल दाबू नये. पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वाय-फाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासावा. वाय-फाय दिसत नसेल तर फोन यूएसबीने जोडून नेट घ्यावे आणि वाय-फायचा ड्रायव्हर बसवायला मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडावा. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात, लेझरजेट १०२० सारख्यांना एक जास्तीचा प्लगइन उतरवावा लागतो. कॅननचा एलबीपी २९०० मात्र रडवतो, कारण तो सीएपीटी ही कंपनीची स्वतःचीच भाषा बोलतो. आणि इन्स्टॉल करताना येणारा 'इरेज डिस्क' पर्याय म्हणजे त्या डिस्कवरचे सगळे जाणार, डी ड्राइव्हसकट. आधी फोटो-कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत.

टॅलीवर ज्यांचा धंदा चालतो त्यांनी एक विंडोज मशीन ठेवावे, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या सॉफ्टवेअरशी उगीच झटापट करू नये. मुलांचा अभ्यास, बँक, पत्रव्यवहार यांना फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखे फुकट सॉफ्टवेअर) पुरेसे आहे. लेखात एवढे चार शब्द आले असते तर जागा काही कमी पडली नसती. शेजारी लॅपटॉपची अर्धा पान जाहिरात होतीच.

जाता जाता आणखी एक. मजकूर अमुक एका जुन्या फॉन्टमध्येच पाठवा, ही सूचना आपण अजून छापता. त्या फॉन्टमधल्या फाइलीत मराठी अक्षरे नसतातच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रे चढवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर सगळी खिचडी दिसते आणि पाच वर्षांपूर्वीचा लेख शोधायला गेले तर सापडत नाही. मिंटवर मराठी टंकायचा इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून जोडता येतो, विकत काही घ्यावे लागत नाही.

हे पत्र युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत आहे आणि फाइल लिब्रेऑफिसची ओडीटी आहे. आपल्याकडचे वर्डही ती उघडते.

आपला,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर