कमांडर साहेब, एवढं लिहू द्या

आदरणीय कमांडर साहेब,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही पावसापाण्याचा विषय काढता, म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही, तेवढी तुमची इच्छा पाळते. उघड लिहिण्याला आणखी एक कारण आहे. नौदलात विमान उडवणाऱ्या मुलांच्या आया बऱ्याच आहेत. 2019 च्या डिसेंबरात लेफ्टनंट शिवांगी नौदलाची पहिली महिला वैमानिक झाली, तेव्हापासून मुलींच्या आयाही त्यांत आल्या. त्या सगळ्यांना खालच्या मजल्यावर सी हॅरियर या लढाऊ विमानाचा निवृत्त वैमानिक मिळतोच असं नाही.

आमच्या चिरंजीवाला फायटर मिळालं तेव्हा घरात पेढे आले आणि माझी झोप गेली. जो तो म्हणे, "काही होत नाही हो, किती अभिमानाची गोष्ट आहे!" अभिमान होताच, पण अभिमानाने रात्र सरत नाही. तुम्ही मात्र "काही होत नाही" हे वाक्य तेव्हाही म्हणाला नाहीत आणि आजवर कधी म्हणाला नाहीत. माझे मुख्य आभार त्याचेच आहेत.

तुम्ही वर्तमानपत्र उलटं केलं आणि जाहिरातीच्या कोऱ्या भागावर विमानवाहू जहाजाचा डेक काढलात. उतरण्याची पट्टी सरळ नसते, जहाजाच्या डावीकडे तिरकी असते, हे मला तेव्हा कळलं. मग त्यावर तीन आडव्या रेघा ओढल्यात. या तारा. विमानाच्या शेपटीखालचा हुक यातल्या एका तारेत अडकला की ताशी दोनशेहून अधिक किलोमीटरच्या वेगातलं विमान दोन-तीन सेकंदांत थांबतं. मी विचारलं, "आणि नाही अडकला तर?" तुमचा चेहरा खुलला, कारण खरा प्रश्न तोच होता. म्हणालात, "म्हणून तर चाकं डेकला टेकली की वैमानिक इंजिन कमी करत नाही, पूर्ण जोर देतो. तार हुकली तर तसंच पुढे निघून पुन्हा हवेत जायचं. त्याला बोल्टर म्हणतात. ती नामुष्की नाही, रोजचा व्यवहार आहे."

हे ऐकून भीती गेली नाही, पण तिला आकार आला. तोवर मला रात्री नुसता काळा समुद्र दिसायचा. आता तीन तारा, दिव्यांची खूण बघत खाली येणारं विमान आणि पुढे ढकललेला थ्रॉटल दिसायला लागला. मुलगा फोनवर "आज दोन बोल्टर झाले" म्हणाला, तर "बरं, मग तिसऱ्यांदा?" असं मी सहज विचारू शकले. पलीकडे तो क्षणभर गप्पच झाला. आईला हे कुणी शिकवलं, ते त्याने नंतर विचारलं.

तुमचं स्वतःचं विमान नेमकं उलट्या चालीचं, हे सांगताना तुम्ही जरा जास्तच रमलात (वहिनींनी आतून "झालं सुरू" म्हटलेलं मी ऐकलं). हॅरियरला ना तार लागे ना हुक. इंजिनाचा झोत सोडणारे चारही नॉझल खाली वळवायचे, विराट या विमानवाहू जहाजाच्या शेजारी हवेत तरंगत राहायचं, मग आडवं सरकत डेकवर यायचं आणि खाली बसायचं. "बाकीचे उतरून थांबतात, आम्ही थांबून उतरायचो," असं म्हणून तुम्ही डाव्या हाताने नसलेला लिव्हर मागे ओढलात. निवृत्तीला इतकी वर्षं झाली, हात अजून विसरलेला नाही.

त्याच बैठकीत दुसरी बाजूही सांगितलीत, मी न विचारता. 16 डिसेंबर 1983 ला पहिली तीन सी हॅरियर गोव्यात दाबोळीला उतरली आणि 2016 च्या मे महिन्यात ती सेवेतून गेली. या काळात जी तीसएक विमानं नौदलाने घेतली, त्यांतली निम्म्याहून अधिक अपघातांत गेली. काही मित्रही गेले. तुम्ही त्यांच्याबद्दल फार बोलला नाहीत. प्रत्येक अपघाताची चौकशी कशी होते, वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट किती क्षणांत काम करते, चौकशीतून पुढच्या मुलांच्या शिकवणीत काय बदलतं, हे मात्र सावकाश सांगितलंत. ते ऐकताना हे घरी बसून सगळं कळण्यासारखं काम नाही, हेही माझ्या लक्षात आलं.

आणि मग तो नोव्हेंबर. 26 नोव्हेंबर 2020 ला नौदलाचं मिग-29के हे लढाऊ विमान समुद्रात कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर पट्टी फिरत होती: एक वैमानिक वाचला, दुसऱ्याचा शोध सुरू. आमचा मुलगा मिगवर नुकताच गेला होता. मी फोन हातात घेऊन उभी होते तेवढ्यात तुम्ही वर आलात, चपला बाहेर न काढताच. (एरवी पायपुसण्याच्या बाबतीत तुमच्याइतका काटेकोर माणूस नाही.) आधी टीव्ही बंद केलात. मग म्हणालात, "अशी बातमी नौदल टीव्हीवरून घरच्यांना कळवत नाही. आधी घराला कळतं, मग जगाला. तुमच्या दारात कुणी आलेलं नाही." एवढ्या तीन वाक्यांनी माझे पाय जमिनीला लागले.

मी फोन लावणार होते, तोही तुम्ही लावू दिला नाहीत. "तो आत्ता बोलू शकणार नाही. बोललाच तर तुमची भीती त्याला सांभाळावी लागेल, आणि आज त्याच्याकडे तेवढी जागा नाही. मेसेज करा: आम्ही ठीक आहोत, जमेल तेव्हा बोल." मी तसंच लिहिलं. उत्तर संध्याकाळी आलं, एकाच शब्दाचं. तोवर वहिनी माझ्याकडे बसून होत्या. त्यांनी धीर दिला नाही, पालेभाजी निवडली. पुढे शोध कित्येक दिवस चालला आणि ज्या घराची बातमी ती होती त्या घराचं काय झालं असेल, याचा विचार केल्याशिवाय मला आजही ते दिवस आठवत नाहीत.

वहिनींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तुमच्या नोकरीची अर्धी कथा त्यांची आहे. स्क्वाड्रन जहाजावर गेलं की दाबोळीच्या क्वार्टरमध्ये त्या आणि दोन मुलं. 2001 च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य आणि नौदल सज्ज ठेवणारं ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, तेव्हा तुम्ही कधी परत याल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. त्याच काळात मुलगी सायकल शिकली, पडली, हाताला प्लास्टर लागलं आणि निघालंही. तुम्ही आलात तेव्हा ती सायकलवरून तुम्हाला दाखवायला म्हणून फाटकापर्यंत गेली. हे तुम्ही हसत सांगता. वहिनी हसत नाहीत, नुसत्या ऐकतात.

आमच्या सूनबाईला त्यांनी दिलेला सल्ला मला सगळ्यांत कामाचा वाटतो. नवरा सेलिंगवरून परत आला की पहिला आठवडा घरातला एकही नियम बदलायचा नाही. मुलांची झोपायची वेळ, पैशांचा हिशेब, कपाटातले कप्पे, सगळं जसं तो नसताना होतं तसंच राहणार. त्याने बघायचं, विचारायचं, हवं तर भांडी घासायची. तुम्ही यावर पुस्ती जोडलीत: "मी पहिल्या वेळी आल्या आल्या सगळं शिस्तीत लावायला निघालो. ही म्हणाली, जहाजावर कॅप्टन तू नव्हतास, इथेही नाहीस." मला विचाराल तर डेकच्या चित्राइतकंच महत्त्वाचं तुम्ही आमच्या मुलाला हे सांगितलंत. विमान उडवायला त्याला शिकवणारे पुष्कळ आहेत.

एका बाबतीत मात्र मला तुमचं पटत नाही. 26 जानेवारीला सोसायटीत दोन शब्द बोला म्हटलं की तुम्ही गावाला जाता. 11 जानेवारी 2020 ला कमोडोर जयदीप मावळंकरांनी तेजस लढाऊ विमानाची नौदलासाठीची आवृत्ती विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरवली, तेव्हा जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला तुम्हीच ती बातमी सांगत होतात. दुसऱ्यांचं कौतुक जिन्यात चालतं, मग स्वतःच्या कामाबद्दल पोरांना दहा मिनिटं सांगायला काय हरकत आहे? बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आमच्या नातेवाइकांच्या मुलांना हॅरियरपाशी उभं करून नॉझल दाखवत होतात, तेव्हा आजूबाजूचे अनोळखी लोकही थांबून ऐकत होते. लक्षात असू द्या, पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारणार आहे.

चिरंजीव पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. तुम्ही त्याला संध्याकाळी खाली बोलावलंय असं कळलं. मी येणार नाही, तुम्ही दोघं बोला. मला सांगण्यासारखं असेल तेवढं तो सांगेल, उरलेलं तुमच्याकडे राहू द्या. वहिनींना नमस्कार सांगा.

आपली नम्र,
वरच्या मजल्यावरची शेजारीण