मदत नाकारली नाही, अडवली!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. म्यानमारच्या लष्कराने 2008 च्या नर्गिस चक्रीवादळानंतर परकीय मदत नाकारली, 2025 च्या भूकंपानंतर मात्र ती स्वतःहून मागितली, आणि हा बदल स्वागतार्ह आहे, असे आपण लिहिले आहे. स्वागत अवश्य करा, हारतुरेही द्या. पण 2008 मध्ये मदत नाकारली कोणी?

वादळ 2 मे च्या रात्री इरावती नदीच्या मुखाशी धडकले. 9 मे रोजी तिथल्या परराष्ट्र खात्याने निवेदन काढले. त्याचा आशय असा की पैसे पाठवा, वस्तू पाठवा, वाटप आम्ही आमच्या माणसांकडून करू. शोधपथके आणि पत्रकार घेण्याची मात्र आमची तयारी नाही. आदल्याच दिवशी कतारहून आलेले विमान, आत बचावपथक आणि पत्रकार आहेत म्हणून, परत पाठवले गेले होते. याला नकार म्हणत नाहीत. नकार परवडला असता, कारण नकार मिळाला की जगाला निदान पुढचा विचार करता येतो. इथे रोज होकार मिळत होता आणि रोज घोडे पेंड खात होते. व्हिसाचा अर्ज घेतला जाई, उत्तर येत नसे. विमान उतरू दिले जाई, माल सोडला जात नसे. माणसाला यांगूनपर्यंत येऊ दिले तरी शहराबाहेरच्या नाक्यावरून मागे फिरवले जाई. तीन आठवडे हे चालले. अग्रलेखाला हा फरक किरकोळ वाटत असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या बिस्किटांचे काय झाले ते आठवा.

त्याच 9 मे रोजी यांगून विमानतळावर दोन विमानांतून उतरलेली 38 टन उच्च ऊर्जेची बिस्किटे आणि साहित्य सरकारने ताब्यात घेतले. संस्थेने उड्डाणे थांबवली आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे पुन्हा सुरू केली. बिस्किटेच का पाठवली होती? पहिल्या आठवड्यात भात शिजवायला डेल्टात, म्हणजे इरावतीच्या मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात, काहीच उरले नव्हते: भांडी वाहून गेलेली, सरपण भिजलेले, पाणी खारट. अशा कुटुंबाला तांदळाचे पोते दिले तर ते डोक्यावर छप्पर नसताना पावसात भिजते आणि दोन दिवसांत आंबते. म्हणून पहिल्या सात-आठ दिवसांत न शिजवता खाता येईल असे अन्न, त्यासोबत ताडपत्री, पातेली आणि पाण्याचे कॅन, आणि मग तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा क्रम असतो. क्रम चुकला की टनांचे आकडे कितीही मोठे असले तरी ते कागदावरच. बिस्किटांचा आठवडा विमानतळाच्या गोदामात गेला, तो नंतर भरून काढता येत नाही.

अडवणुकीची जागा बहुतेक वेळा एकच असते: कागदावरचा 'माल कोणाच्या ताब्यात द्यायचा' हा रकाना. तिथे संस्थेचे नाव असेल तर माल तिच्या गोदामात, तिच्या यादीप्रमाणे, तिच्या पावतीवर जातो. तिथे सरकारी खात्याचे नाव आले की पुढचा हिशेब मागण्याचा हक्क संपला. लष्कराला हा रकाना हवा होता. का हवा होता ते त्याच आठवड्यात सरकारी दूरचित्रवाणीवर दिसले. थायलंडहून आलेल्या खोक्यांवर सेनाधिकाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत चिकटवलेले आणि थायलंडचे नाव त्याखाली बारीक. आपल्याकडे आमदारसाहेबांचा फोटो छापलेल्या शिध्याच्या पिशव्या पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

आता वाहतूक. माणशी दिवसाला 400 ग्रॅम तांदूळ धरला तर दहा लाख लोकांना रोज 400 टन लागतात, म्हणजे दहा टनी चाळीस ट्रक, रोज. आणि ट्रक जातो फक्त लाबुट्टा, बोगाले, प्यापोन अशा गावांपर्यंत. त्यापुढे खाड्या आणि ओढे, रस्ता नाहीच. तिथे होडी लागते, आणि होड्या वादळात फुटलेल्या. उरते हेलिकॉप्टर. मध्यम आकाराचे हेलिकॉप्टर एका खेपेला तीनेक टन नेते. म्हणून त्याने तांदूळ वाहायचा नसतो; त्याने औषधे, गोळ्या, पाण्याचे साहित्य आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाहणी करणारी माणसे न्यायची असतात. कोणत्या गावात किती जिवंत आहेत हेच माहीत नसेल तर ट्रक कुठे पाठवणार? अन्न कार्यक्रमाने दहा हेलिकॉप्टरे ठरवली होती. त्यांना परवानगी मिळता मिळता मे संपत आला.

किनाऱ्याबाहेर तेव्हा अमेरिकेची 'एसेक्स' आणि तिच्यासोबतची जहाजे, तसेच फ्रान्सचे 'मिस्त्राल' उभे होते. 'मिस्त्राल'वरचे सुमारे हजार टन सामान म्हणजे वरच्या हिशेबाने अडीच दिवसांचा तांदूळ. त्यात जादू काही नव्हती. खरी किंमत होती त्या जहाजांवरच्या हेलिकॉप्टरांची आणि उथळ पाण्यात थेट चिखलाला लागणाऱ्या बोटींची. नेमके तेच नको होते. 'मिस्त्राल'ने माल शेवटी थायलंडमध्ये फुकेतला उतरवला आणि अमेरिकी जहाजे 5 जूनला निघून गेली. परकीय युद्धनौका किनाऱ्याला लागू देण्याची भीती कुठल्याही सरकारला वाटेल, हे मान्य. फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी 'संरक्षणाची जबाबदारी' (सरकार आपल्या लोकांना वाचवत नसेल तर जगाने मध्ये पडावे) हे तत्त्व मध्ये आणून ती भीती आणखी वाढवली, हेही मान्य. पण अन्न कार्यक्रमाच्या हेलिकॉप्टरांवर तोफा नव्हत्या.

पाण्याबद्दल अग्रलेखात अवाक्षर नाही, म्हणून हे जरा सविस्तर. डेल्टातली गावे पावसाच्या पाण्यावर जगतात. गावाला एक मोठे तळे, मे ते ऑक्टोबरच्या पावसात ते भरायचे आणि पुढचा उन्हाळा त्यावर काढायचा. समुद्राची लाट काही ठिकाणी 12 फूट उंच होती आणि कित्येक किलोमीटर आत शिरली. तळी खारट झाली, त्यांत माणसांची आणि म्हशींची प्रेते. अशा पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून उपयोग नाही. ती जंतू मारते, मीठ काढत नाही. (गोळीचेही शास्त्र आहे. 67 मिलिग्रॅमची गोळी 20 लिटर स्वच्छ पाण्याला, अर्धा तास थांबायचे. गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळायचे आणि दोन गोळ्या. सूचना इंग्रजीत छापलेल्या असतील तर लोक त्या गिळतात.) मीठ काढायचे तर आरओ यंत्र हवे, त्याला डिझेल हवे आणि ते चालवणारा माणूस हवा. गढूळ पाणी आधी गाळून, निवळून न घेता सोडले की आतले पडदे तुंबतात आणि यंत्र बंद पडते. यंत्राला परवाना मिळाला पण तंत्रज्ञाला व्हिसा नाही, मग ते यंत्र लोखंडाचा खोका ठरते.

खरा उपाय साधा होता. डिझेल पंप लावून तळे उपसायचे, तळाचा चिखल खरवडून काढायचा, बांध नीट करायचा आणि पावसाला भरू द्यायचे. पहिले पाणी तळातले मीठ घेऊन येते, ते पुन्हा उपसायचे. हे सगळे जोराचा पाऊस सुरू होण्याआधी, म्हणजे मे महिन्यात व्हायला हवे होते. नंतर तळे उपसता येत नाही, ते भरतच राहते, अर्धे खारट. तेच झाले. 2009 च्या उन्हाळ्यात डेल्टातल्या गावांना होड्यांनी पाणी पोचवावे लागले. अडवणुकीचा हिशेब फक्त पहिल्या महिन्यात मेलेल्यांचा मांडला की ही बाजू दिसत नाही. भाताच्या पेरणीचेही तसेच: बियाणे आणि नांगराचे जनावर जूनपर्यंत मिळाले तर उपयोग, ऑगस्टमध्ये मिळाले तर म्हैस फक्त चारा खाणार.

पैशातही अडवणूक होती आणि ती सर्वांत कमी बोलली गेली. परदेशी संस्थांना डॉलर थेट बाजारात बदलता येत नव्हते. आधी सरकारी बँकेतून 'परकीय चलन प्रमाणपत्र' घ्यायचे आणि मग ते विकून क्याट हे तिथले चलन मिळवायचे. कागदावर एक प्रमाणपत्र म्हणजे एक डॉलर. बाजारात त्याला कधी कधी वीस-पंचवीस टक्के कमी भाव. संयुक्त राष्ट्रांचे मदतप्रमुख जॉन होम्स यांनी त्या जुलैत हे नुकसान सुमारे एक कोटी डॉलरचे असल्याचे मान्य केले. शंभर रुपयांची देणगी आणि वाटेतच पंचाहत्तर.

अडवणूक फक्त परक्यांची होती असेही नाही. यांगूनची साधी माणसे गाड्यांत तांदूळ घालून निघाली, त्यांच्या गाड्या जप्त झाल्या. स्वयंसेवक जमवून मदत करणारा विनोदी नट झारगनार जूनमध्ये पकडला गेला आणि त्याला 59 वर्षांची शिक्षा झाली (नंतर ती 35 वर आणली, केवढे हे औदार्य). राज्यघटनेवरचे सार्वमत मात्र 10 मे रोजी ठरल्याप्रमाणे पार पडले, फक्त 47 वादळग्रस्त तालुक्यांत ते दोन आठवड्यांनी घेतले. मतपेट्या पोचवायला बोटी सापडल्या.

संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून 23 मे रोजी राजधानी नेपिडोत लष्करशहा थान श्वे यांना भेटले आणि सर्व मदतकर्त्यांना प्रवेशाचे आश्वासन घेऊन आले. मग आसियान ही आग्नेय आशियाई देशांची संघटना, संयुक्त राष्ट्रे आणि सरकार अशी त्रिपक्षीय समिती बसली आणि बरेच काम झाले, हे लिहिलेच पाहिजे. व्हिसा याच समितीमार्फत सुटू लागले. म्हणजे जे तीन आठवडे अशक्य होते ते एका बैठकीनंतर शक्य झाले. सरकारी आकड्यांप्रमाणे 84,537 मृत आणि 53,836 बेपत्ता.

आपल्या नौदलाच्या 'राणा' आणि 'कृपाण' या नौका पहिल्याच आठवड्यात यांगूनला पोचल्या, त्याचे कौतुक अग्रलेखात आहे. योग्यच आहे. पण भारताला प्रवेश मिळाला कारण भारताने माल दिला आणि वाटपाचे प्रश्न विचारले नाहीत. आपल्या हवामान खात्याने दोन दिवस आधी दिलेला इशारा डेल्टातल्या खेड्यांपर्यंत का गेला नाही, हेही दिल्लीने कधी मोठ्याने विचारले नाही.

आणि तो 'स्वागतार्ह बदल'. 14 मे 2023 ला मोखा वादळ म्यानमारच्याच राखाइन प्रांतात सितवेजवळ आदळले. तेव्हाही मदत नाकारली नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रवासाचे परवाने बंद केले, बस. 28 मार्च 2025 च्या 7.7 तीव्रतेच्या भूकंपानंतर तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांनी मदत मागितली खरी. त्यानंतर परदेशी पत्रकारांना पाणी, वीज, हॉटेल नाही या सबबीवर मनाई झाली. तैवानचे सव्वाशे जणांचे बचावपथक वाट पाहून घरी गेले. 1 एप्रिलच्या रात्री शान प्रांतात चिनी रेडक्रॉसच्या ताफ्यावर लष्करानेच गोळीबार केला. ज्या सगाइंग भागात घरे पडली त्याच भागात लष्कराचे हवाई हल्ले चालू राहिले. आणि आठवड्याच्या आत सेनापतीसाहेब बँकॉकला बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या परिषदेत खुर्चीवर बसलेले होते. बदल झाला असेल तर एवढाच की आता मदत मागण्याचाही फायदा कळला आहे.

जाता जाता. त्याच अंकात शेवटच्या पानावर 'आपद्ग्रस्तांसाठी जुने कपडे जमा करा' असे आवाहन आहे. कृपया मागे घ्या. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले होते. ते निवडायला माणसे लागतात, गोदाम अडते, आणि कोळिणीला कुणाचा तरी सूट नको असतो. लोकांना काही द्यायचेच असेल तर पैसे द्यायला सांगा. आणि चौकटीतल्या नकाशात लाबुट्टा मंडालेच्या उत्तरेला दाखवले आहे. तिथे समुद्र नाही. उद्याच्या अंकात दुरुस्ती यावी.

आपला,
एक वर्गणीदार, सांगली