कार्बाइनचे कुलूप म्हणजे बोल्टचे वजन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील मराठी नेमबाजांवरच्या आपल्या लेखात असे म्हटले आहे की पिस्तुलाला जड जाणारी प्लस-पी (नेहमीपेक्षा जास्त दाबाची) काडतुसे कार्बाइनमध्ये, म्हणजे आखूड रायफलीत, बिनधास्त चालतात, कारण तिची नळी लांब आणि दणकट असते. नळीपुरते ते खरे आहे. पण 9 एमएमच्या बहुतेक कार्बाइन ब्लोबॅक जातीच्या असतात आणि त्यांत नळीला सहसा काही होत नाही. जे व्हायचे ते नळीच्या मागे होते, आणि नेमबाजाचा गालही तिथेच टेकलेला असतो.

ब्लोबॅकमध्ये बोल्टला, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या आणि मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी ठोकळ्याला, कुलूप नसते. सर्वसाधारण 9 एमएम पिस्तुलात गोळी बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात. इथे पुंगळीला (काडतुसाच्या पितळी कवचाला) मागून धरून ठेवतो तो फक्त बोल्टचा जडपणा. स्प्रिंगचा त्या क्षणी जवळजवळ काहीच वाटा नसतो. तिचे काम नंतरचे. एआर-15 रायफलीच्या धाटणीच्या 9 एमएम कार्बाइनमध्ये बोल्ट आणि बफर (बोल्टमागे सरकणारे वजन) मिळून साधारण 620 ग्रॅम भरतात. 16 इंची नळीतून 115 ग्रेनची (7.45 ग्रॅम) साधी गोळी सेकंदाला 375 मीटरने सुटली, तर वायूचा धक्का धरून बोल्ट सेकंदाला सुमारे 5.2 मीटरने मागे निघतो. तिथेच 124 ग्रेनची प्लस-पी गोळी 410 मीटरने सोडा, बोल्टचा वेग 6.1 च्या आसपास जातो. आकड्यात फरक थोडा दिसतो, पण आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 8.4 ज्यूलचे 11.5 ज्यूल होतात, म्हणजे प्रत्येक बाराला तिसऱ्या हिश्शाहून जास्त मार. हे गणित कागदावरचे आहे, बंदुकीगणिक थोडे बदलेल. दिशा बदलणार नाही.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. बोल्ट जोरात येतोय म्हटले की लोक आधी कडक स्प्रिंग घालतात. कडक स्प्रिंग बोल्टला प्रवासाच्या शेवटी थोडे आवरते खरे, पण परतताना त्याला तितक्याच जोराने पुढे फेकते. बोल्ट नळीच्या मागच्या टोकावर आपटून किंचित मागे उसळतो, आणि नेमका तेव्हा हॅमर पडला तर बार उडत नाही किंवा पुंगळी पुरती आत नसताना उडतो. उपाय वजनाचा आहे. वरच्या उदाहरणात बोल्टचा वेग पुन्हा 5.2 वर आणायला सुमारे 110 ग्रॅम वाढवावे लागतील. त्या मॉडेलसाठी बनवलेला जड बफर मिळतो, तोच घ्यावा. घरी शिसे ओतून भरण्याचा उद्योग नको, सुटलेले वजन आत खुळखुळत राहते आणि कुठेतरी अडकते.

गोळी नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत बोल्ट साधारण पाच मिलिमीटर मागे सरकलेला असतो, म्हणजे पुंगळीचा जाड बूड भाग चेंबरबाहेर (नळीतल्या काडतुसाच्या खोबणीबाहेर) डोकावू लागलेला असतो. दाब तोवर बराच उतरलेला असतो म्हणून निभावते. गोळी जितकी जड, तितका बोल्ट तेवढ्याच अंतरात जास्त सरकतो. त्यामुळे 147 ग्रेनची गोळी आणि तीही प्लस-पी, ही जोडी हलक्या बोल्टच्या कार्बाइनला सर्वात वाईट. पितळ फुगते, आणि एखादे फाटले तर गरम वायू मॅगझीनच्या वाटेने खाली आणि बाजूने बाहेर येतो. चेंबरला तेल लावू नये तेही याचसाठी. कोरडी पुंगळी चेंबरच्या भिंतीला थोडी धरून राहते, तेलकट असली की सगळा भार बोल्टवर.

डब्यावरच्या शब्दांचेही बघावे. अमेरिकेतील शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या सामी या संस्थेच्या मानकाप्रमाणे 9 एमएम ल्यूगरचा कमाल दाब 35,000 पीएसआय आणि प्लस-पीचा 38,500. त्याहून तेज प्लस-पी-प्लसला सामीची मर्यादाच नाही. कारखानदार ठरवेल ती. ब्लोबॅकमध्ये ती वापरू नये, उत्पादकाने पुस्तिकेत स्पष्ट परवानगी दिली असेल तरच अपवाद. दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसे तर नकोतच. उलटाही प्रकार आहे: इस्रायलने उझी कार्बाइनसाठी काळ्या टोकाची तेज काडतुसे काढली होती, ती पिस्तुलात वापरायची नव्हेत. उझीचा बोल्ट जड, म्हणून तिला ती पेलली.

नवे काडतूस वापरण्यापूर्वी पुस्तिका आणि नळीवरचा शिक्का वाचावा. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. आधी साध्या काडतुसांचे दहा बार काढून पुंगळ्या जपून ठेवाव्यात, तुलनेला त्याच लागतात. मग प्लस-पीचे एकच काडतूस मॅगझीनमध्ये घालावे, नंतर दोन, नंतर पाच. दर वेळी बंदूक रिकामी करून पुंगळी बघावी. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाचेच्या लगेच पुढे एका बाजूला फुगवटा आहे का, कडा ओरबाडली आहे का, बुडाशी काजळी आली आहे का. कॅलिपर असेल तर तिथला व्यास साध्या पुंगळीशी ताडून पाहावा. नुसती बुडातली टोपी (प्रायमर) चपटी दिसली म्हणून निष्कर्ष काढू नये, ब्लोबॅकमध्ये ती खूण फसवते. पुंगळ्या पूर्वी उजवीकडे पडत होत्या आणि आता पुढे, लांब उडतात, तर बोल्ट फार जोरात चालला आहे. भरल्या मॅगझीनवरही बोल्ट रिकामाच बंद झाला, तर मॅगझीनची स्प्रिंग पुढचे काडतूस वर उचलण्याआधीच तो निघून गेला असे समजावे. बार दबका वाटला तर थांबावे, बंदूक रिकामी करून नळीत गोळी अडकली नाही ना हे पाहावे.

झिजतात ते भाग ठराविक. कोल्ट धाटणीच्या 9 एमएममध्ये बोल्ट गरजेपेक्षा मागे जातो आणि परतताना बोल्ट-कॅचवर (मॅगझीन संपल्यावर बोल्टला मागे अडवणाऱ्या खिटीवर) वेग घेऊन आदळतो. कॅच तुटतो, कधी हॅमरची पिनही. बफरच्या नळीत मागे योग्य जाडीचा स्पेसर बसवला की हे बरेच थांबते. मार्लिन कॅम्प कार्बाइनमधला प्लॅस्टिकचा बफर वयानेच भुगा होतो, आणि तो गेला की लाकडी दस्त्याला तडे जातात. जुनी कॅम्प हाती आली तर प्लस-पीचा विचार सोडा, आधी बफर बदला.

आणि मुळात हवे कशाला? 16 इंची नळी साध्या 9 एमएम गोळीलाही पिस्तुलापेक्षा जास्त वेग देते. पिस्तुलाच्या वेगासाठी आखलेली पोकळ नाकाची गोळी त्याहून जोरात गेली की फुलण्याऐवजी तुकडे होऊ शकतात.

भारतात 9 एमएम पॅराबेलम (ल्यूगरचेच दुसरे नाव) हा प्रतिबंधित बोअर असल्याने सर्वसाधारण परवानाधारकाचा याच्याशी संबंध येत नाही. पोलिसांच्या हातातली कानपूरची 1ए1 कार्बाइन मात्र ब्लोबॅकच आहे, तीही उघड्या बोल्टवर चालणारी, म्हणजे चाप ओढेपर्यंत बोल्ट मागेच अडकलेला असतो. खडकीच्या कारखान्याची 2झेड काडतुसे सोडून तिला दुसरे काही घालण्याआधी आर्मररला (शस्त्रांची देखभाल करणाऱ्याला) विचारावे.

आपला,
एक वाचक, टेक्सास