मथळा तुमचा, शिव्या आमच्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘नाव प्रसिद्ध करू नये’ अशी टीप असलेली पत्रं आपल्या स्तंभात अलीकडे वरचेवर दिसतात. त्यावर परवा एका वाचकाने सुनावलं आहे, की नाव लपवायचं असेल तर लिहावंच कशाला? मी नाव घालून लिहिलेला माणूस आहे. तरीही त्यांचं म्हणणं मला पटलं नाही.

वीसेक वर्षं मी आपल्याला पत्रं लिहितो आहे. एसटीच्या वेळा, पुलावरचे खड्डे, स्मशानभूमीतला बंद दिवा. पत्र छापून आलं की पारावर लोक पाठ थोपटायचे, आणि मला वाटायचं आपण निर्भीड लिहितो. खड्ड्याची बाजू घेऊन भांडायला कुणी येत नाही, एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला वय व्हावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी उसावर लिहिलं. आमचं शिवार कृष्णाकाठचं, टेंभूपासून जवळच. या गावाचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे ते उपसा सिंचन योजनेमुळे. इथलं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेलं जातं. मी लिहिलं ते इतकंच, की तिकडे माणसं पाण्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसतात आणि आम्ही काठावरचे रात्री मोटर चालू करून झोपी जातो. ठिबक करायचं नसेल, तर प्रत्येकाने निदान काही गुंठे ऊस कमी करावा. पाटाने पाणी पाजून पाजून नदीकाठची किती जमीन क्षारपड झाली, हे आम्हाला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको.

ऊसपट्ट्यात हे लिहिणं म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकाला कदाचित कळणार नाही. टोमॅटो, कांदा बाजारात काय भावाने जाईल ते देवालाही ठाऊक नसतं. उसाला मात्र एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव आहे, आणि ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे. कायदा पाळतात किती, तो भाग वेगळा. पण मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, पोराची कॉलेजची फी हे सगळं त्या एका बिलावर ठरतं. त्यामुळे उसाविरुद्धचा शब्द माणसाला आपल्या पोटावर आलेला वाटतो. चिडणारे लोक वाईट नव्हते. शेजारचा पोरगा बांधावर उभा राहून म्हणाला, “आबा, तुमचं भागलंय. आमच्या पोटावर कशाला पाय देताय?” याला मी काय उत्तर देणार होतो?

पत्राचं कात्रण गावाच्या ग्रुपवर फिरलं. खाली कुणी हात जोडले, कुणी हारवाला फोटो टाकला. त्या हंगामात माझ्या उसाची तोड पंधरा दिवस उशिरा आली. पत्रामुळेच आली असं मी म्हणणार नाही, टोळ्याच त्या वर्षी कमी होत्या. पण तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला फोन लावताना माझा हात अडखळला. आपल्याकडे मत मांडणाऱ्याला तुरुंगाआधी या अडखळण्याची भीती असते. सोसायटीत, कारखान्यात, सोयरिकीत समोर बसलेली माणसं तीच असतात. ज्याला अजून दोन पोरींची लग्नं करायची आहेत त्याने नाव लपवलं तर त्याला भेकड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि नाव लपवून लिहिलेलं सगळंच हलकं असतं असंही नाही. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं आली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, वय पंचविशीचं. स्वतःच्या जातीला त्यांनी जे सुनावलं ते आज सही करून लिहायलाही छाती लागेल. मला मात्र त्यात भाऊ महाजन जास्त दिसतात. पत्रं छापणारा संपादक तो. लिहिणारा टोपणनावाआड होता, पण छापखाना आणि संपादक कुठे आहेत ते तर लोकांना ठाऊकच होतं.

म्हणूनच माझी खरी तक्रार आपल्याकडे आहे. माझ्या पत्राला आपल्या कचेरीत मथळा पडला ‘ऊस हद्दपार करा!’ मी गुंठ्यांची भाषा केली होती, हद्दपारीची नाही. त्याहून वाईट म्हणजे जागेअभावी शेवटचा परिच्छेद कापला गेला. त्यात मी लिहिलं होतं की माझा स्वतःचा तीन एकर ऊस आहे, मीही पाटानेच पाणी देतो, ठिबकाचा खर्च दोनदा काढून दोनदा गप्प बसलो. तो परिच्छेद गेला आणि उरलं ते नुसतं कीर्तन. गावाने ज्याला शिव्या दिल्या तो माणूस मी नव्हतोच. न पटणारं बोलायचं तर आधी स्वतःला त्यात ओढावं लागतं, तरच समोरचा दोन मिनिटं ऐकून घेतो. आपण नेमकी तीच ओळ काढलीत.

आमच्या टेंभूचेच गोपाळ गणेश आगरकर. ‘केसरी’ सोडून १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला, आणि पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने बेजार झालेला माणूस, वयाच्या ३९व्या वर्षी गेला. त्यांच्यापुढे माझा हारवाला फोटो म्हणजे पोरखेळ. ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ हे त्यांचं वाक्य शाळेच्या भिंतीवर असतं. भाषणात वक्ते पहिल्या अर्ध्यावर टाळ्या घेतात. मला अलीकडे दुसरा अर्धा जास्त छळतो. मला साध्य झालं ते अर्धा एकर. तिथे गेल्या वर्षी सोयाबीन केलं, भाव पडला, आणि बांधावरचा तो पोरगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

सगळ्या गदारोळात रीतसर उत्तर एकच आलं. आटपाडीकडच्या एका तरुणाने आपल्याच स्तंभात लिहिलं, की योजनेचं पाणी त्यांच्याकडे पोचलं तिथेही शेतकऱ्यांनी ऊसच लावला, तेव्हा काठावरच्यांनी उगाच पुण्य लावून घेऊ नये. मला झोंबलं, पण ते खरं होतं. माझ्या पत्राने दुसरं काही साधलं नसेल, पण ते पत्र निघालं. तेही आपण दोन ओळी कापून छापलं असावं, असा मला संशय आहे.

तेव्हा विनंती अशी. कुणी अडचण सांगून नाव झाका म्हणालं तर झाका, पण तो कोण आहे ते आपण जाणून असा. जागा कमी पडली तर आमचे युक्तिवाद कापा, कबुली कापू नका. मथळ्यातलं उद्गारचिन्ह आम्हाला विचारून द्या.

माझं नाव-गाव नेहमीसारखं छापायला हरकत नाही. फोन नंबर मात्र छापू नये. दिवसा फोन मंडळींकडे असतो, आणि मागच्या खेपेला सगळी उत्तरं तिनेच ऐकली.

आपला,
(सही)
ता. कराड, जि. सातारा