जपानच्या दर्याचा देव आणि आमची मानगे थापणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात एका वाचकाचं पत्र वाचलं. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात खाजनांत, म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतांत, पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, ती मानगे थापणी आता बंद करावी, असं त्यांचं म्हणणं. जग कुठे पोचलं आणि आपण चिखलात बसलोय, म्हणाले, आणि पुढे गेलेला देश म्हणून जपानचं नाव घेतलं. त्या नावामुळेच हे पत्र लिहायला बसलो. बत्तीस वर्षं मी बोटीवर काढली, इंजिनरूममध्ये ऑइलर म्हणून. जपानच्या बंदरांत कितीदा उतरलो त्याचा हिशेब नाही.

1996 साली आमची बोट शिकोकू बेटावर मारुगामेला दुरुस्तीसाठी गोदीत होती. गोदीतला एक वयस्क फिटर सुट्टीच्या दिवशी मला रेल्वेने कोतोहिरा गावी घेऊन गेला. देऊळ डोंगरावर. मुख्य देवळापर्यंत 785 पायऱ्या, वरच्या देवळापर्यंत जायचं तर सगळ्या मिळून 1368. देवाचं नाव कोन्पिरा, दर्यावर्दींचा राखणदार. एका मंडपात बोटींची चित्रं आणि फोटो दाटीने लावलेले, शिडाच्या होडीपासून मोठ्या टँकरपर्यंत. आणि देवळाच्या आवारात उघड्यावर देवाला वाहिलेला बोटीचा प्रोपेलर, माणसाहून कितीतरी उंच. आयुष्यभर मी शाफ्टच्या बेअरिंगना तेल घातलं, पण प्रोपेलर देवाच्या दारात पाहिला तो तेवढाच. पात्याला हात लावला. धातू उन्हाने तापला होता. फिटरने आधी टोपी काढली, मग दोन टाळ्या वाजवून हात जोडले. मीही जोडले.

तो देव कोण, हे मला नंतर वाचून कळलं. कोन्पिरा म्हणजे आपल्या संस्कृतातला कुंभीर. कुंभीर म्हणजे मगर! भैषज्यगुरू बुद्धाच्या बारा यक्ष सेनापतींत हा कुंभीर आहे. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला गेला आणि तिथे खलाशांचा देव झाला. 1868 मध्ये तिथल्या सरकारने शिंतो आणि बौद्ध देवस्थानं वेगळी केली, तेव्हापासून त्या देवळात ओमोनोनुशी या शिंतो देवाची पूजा होते. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते कोन्पिरा-सान.

ज्या खलाशाला देवळापर्यंत जाणं जमत नसे, तो लहान पिंपात दक्षिणा घालून, वर झेंडा लावून ते दर्यात सोडायचा. ज्याला सापडेल त्याने ते देवळात नेऊन द्यायचं. ते पुण्याचं काम मानत. वाटेत कोणी फोडत नसे. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडणाऱ्या माझ्या खारवी मित्रांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांना यात नवल असं काहीच वाटलं नाही.

जपानच्या दर्यात देव पुष्कळ. हातात गळ आणि काखेत लाल मासा घेतलेला एबिसू मासेमारांचा. बेंझाइतेन ही तर आपली सरस्वतीच, वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य घेऊन एनोशिमासारख्या बेटांवर बसलेली. पण माझ्या मनात घर केलं ते वातात्सुमीने. हा सागराचा राजा. इ.स. 712 च्या 'कोजिकी' ग्रंथात त्याची कथा आहे. होओरी नावाच्या राजपुत्राने भावाचा गळ मागून घेतला आणि दर्यात हरवला. आपली तलवार मोडून त्याने आधी पाचशे, मग हजार गळ करून दिले, भाऊ ऐकेना, माझा तोच दे म्हणे. शेवटी होओरी वातात्सुमीच्या वाड्यात गेला. गळ एका माशाच्या घशात सापडला. परत येताना राजाने त्याला दोन रत्नं दिली, एक भरती आणणारं, एक ओहोटी आणणारं.

भरती-ओहोटीची रत्नं! खाजनात भात पिकवणाऱ्याला याचं मोल सांगावं लागत नाही. आमच्याकडे ते काम मानस, म्हणजे बांधातली लाकडी दारांची चौकट, करते. ओहोटीला तिची दारं आपोआप उघडतात आणि शेतातलं पाणी नदीत जातं. भरतीला बाहेरच्या पाण्याचा दाब आला की मिटतात. एक फळी कुजली तर खारं पाणी आत शिरून पीक जातं, कोरगुटसारखं खारं सोसणारं भातसुद्धा फार दिवस तग धरत नाही.

वातात्सुमीची मुलगी तोयोतामा-हिमे होओरीची बायको झाली. बाळंत होताना मला पाहू नकोस, असं तिने बजावलं. त्याने पाहिलं. आत ती 'वानी' होऊन सरपटत होती. तिला लाज वाटली, बाळ ठेवून ती दर्यात परत गेली. त्या बाळाचा मुलगा जिम्मू, जपानचा पहिला सम्राट मानला जातो. वानी म्हणजे मगर की शार्क मासा, यावर तिथल्या विद्वानांत वाद आहे. आज त्या शब्दाचा अर्थ मगर असाच आहे, आणि जपानच्या नद्यांत तर मगर नाही.

आमच्या नदीत आहे. कुंभारजुव्याच्या कालव्यात ती आजही उन्हाला पडलेली दिसते. माझे आजोबा बांधाचाच चिखल घेऊन मानगे थापायचे, तीन हात लांब. पाठीवर खवल्यांसाठी शिंपल्या आम्ही मुलं खोचायचो. शेपटी नेहमी शेवटी, कारण ती वाळून तडकते. मग पाठीत खळगा करून त्यात अंडं ठेवायचं, फुलं वाहायची आणि गाऱ्हाणं घालायचं: बांध राख, बांधावरच्या माणसाला राख. रात्री-अपरात्री गुडघाभर पाण्यात उतरून मानस बघणाऱ्या माणसाचं ते मागणं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, ते मला खरोखर समजत नाही.

गेल्या वर्षी आमच्या बांधावर आम्ही चारच जण होतो, चौघेही साठीच्या पुढचे. शिंपल्या खोचायला एकही मूल नव्हतं.

या पौष अमावास्येला सकाळी ओहोटी लागली की आम्ही मानशीजवळ चिखल काढायला उतरू. पत्रलेखकांनी यावं, घरातली मुलंही आणावीत. चपला बांधावरच काढून ठेवाव्या लागतील, चिखल घोट्याच्या वर असतो.

— एक निवृत्त बोटकार, दुर्भाट, फोंडा