लिक्विड पिस्टन कॉम्प्रेसरमधलं लिक्विड गायब होतंय आणि तुम्ही म्हणता पिस्टन रिंग बदला

सर्व्हिस मॅनेजर साहेब,

नमस्कार. ही चौथी तक्रार. आधीच्या तिन्ही बंद केल्यात, 'समस्या सोडवली' असा शेरा मारून. कोणी सोडवली ते कळलं तर बरं.

आमच्याकडे तुमचा हायड्रोजनचा आयॉनिक लिक्विडवाला कॉम्प्रेसर आहे. घेताना तुमच्याच माणसाने तासभर समजावलं होतं की यात लोखंडी पिस्टन नाही, खालून पंप लिक्विड वर ढकलतो आणि तेच गॅस दाबतं, त्यामुळे रिंगा झिजायचा प्रश्न नाही, उष्णता लिक्विड ओढून घेतं म्हणून गॅस फार तापत नाही, आणि हे लिक्विड म्हणजे मीठच, फक्त साध्या तापमानाला पातळ राहणारं, त्याची वाफ जवळजवळ होतच नाही म्हणून गॅस स्वच्छ. पटलं, घेतला.

आता फोन केला तर तुमचा इंजिनियर पहिलं विचारतो, "पिस्टन रिंग शेवटच्या कधी बदलल्या?" अहो, कुठल्या रिंगा? बिलात पण रिंग किटचे पैसे लावलेत!

मुद्द्याचं सांगतो. मागच्या व्हिजिटला फ्लो वाढवायला म्हणून मिनिटाचे स्ट्रोक (लिक्विडच्या वर-खाली फेऱ्या) वाढवून गेले, तेव्हापासून लेव्हल ग्लासमध्ये लिक्विडवर साबणासारखा पांढरा फेस येतो, सक्शनला, म्हणजे गॅस आत घेताना, प्रेशर उतरलं की बुडबुडे सुटतात आणि फेस खाली बसायच्या आत पुढचा स्ट्रोक येतो. दर आठवड्याला लेव्हल बोटभर खाली. बाहेर कुठे गळती नाही, सगळे जॉइंट पुसून बघितले. मग परवा डिस्चार्जच्या (दाबलेला गॅस बाहेर पडतो तिथल्या) फिल्टरचा ड्रेन उघडला तर चिकट पिवळसर थेंब. वाफ होत नाही ना, मग थेंब होऊन गॅसबरोबरच चाललंय, अजून कुठे जाणार? आणि पुढे तो गॅस हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलला जातो, तिथे असली घाण चालत नाही हे तुम्हाला मी सांगायचं का.

वर टॉपअपला पाठवलेल्या कॅनचं सील तुटलेलं होतं. हे लिक्विड हवेतलं पाणी ओढतं असं तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. तो कॅन मी ओतलेला नाही, तसाच ठेवलाय, येऊन घेऊन जा.

स्ट्रोक पूर्वीच्या सेटिंगला आणा, फिल्टर एलिमेंट बदला, सीलबंद लिक्विड पाण्याच्या टेस्ट रिपोर्टसकट पाठवा, आणि रिंग किट बिलातून काढा. हे मशीन आतून पाहिलेला माणूस येईपर्यंत आम्ही ते बंद ठेवलंय, आणि तक्रार मला विचारल्याशिवाय बंद करू नका.